घरी तरी चेकिंग नको की

पत्र:

मॅडम, नमस्कार. माझं वय 41. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात 16 वर्षं चेकिंगला आहे. टेबलावर टॉवेल पसरायचा, दोन्ही बाजू बघायच्या, डाग, तुटलेला धागा, वाकडी शिलाई दिसली की तो बाजूला काढायचा. दिवसभर तेच. आता घरीही माझी नजर तशीच फिरते. सासूबाईंनी पेला कुठे ठेवला, ह्यांनी चप्पल कुठे काढली, मुलीचा भांग सरळ आहे का. मुलगी नववीला आहे. परवा ती म्हणाली, "आई, घरी तरी चेकिंग नको की." तेव्हापासून कामापुरतंच बोलते. रात्री झोपली की तिचा एक हात पांघरुणाच्या बाहेर राहतो. तो मी उचलून आत घेते, ते तिला माहीत नाही.

मला ॲसिडिटी आणि डोकेदुखीचा त्रास आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "जोडीला माइंडफुलनेस करा. काम करताना फक्त बघायचं, चांगलं-वाईट ठरवायचं नाही." भाकऱ्या करताना करून बघितलं. दोन मिनिटांत मन कारखान्यात गेलं, तिथून सासूबाईंच्या बोलण्यावर गेलं. मग 'एवढंसुद्धा जमत नाही' म्हणून स्वतःचाच राग आला आणि भाकरी करपली. शिवाय चांगलं-वाईट ठरवायचंच नाही, तर माझी नोकरी कशी चालणार?

एक चेकर, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर:

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो फार खरा प्रश्न आहे. 'निवाडा न करता बघा' हे वाक्य ऐकून बरेच जण मान डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. तुम्ही ते स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवलंत आणि विचारलंत, इथे हे चालेल का? तर त्याच टेबलावर बघू.

टॉवेल पसरलाय. कडेपासून दोन बोटं आत तेलाचा काळपट डाग आहे. पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, पण आपण ते सावकाश उलगडू. आधी डाग दिसतो. मग कपाळाला बारीकशी आठी पडते, आत कुठेतरी 'नको' वाटतं. आणि लगेच मनात वाक्य उमटतं: 'यांचं कधी लक्षच नसतं.' झालं, मागावरचा माणूस आरोपी ठरला. तो कोण, त्याची ती रात्रपाळी होती का, मागातच तेल गळत होतं का, काही माहीत नसताना.

आता सांगा, माल बाजूला काढायला यातलं काय लागतं? डाग दिसणं. तेवढंच. मागावरच्या माणसाला मनात दोषी ठरवण्याचा पगार तुम्हाला कोणी देत नाही, आणि माझा अंदाज असा की डोकं दुखतं ते त्याच बिनपगारी कामाने. 16 वर्षांत तुमच्या नजरेला जी पारख आली, ती कोणीही काढून घ्यायला सांगत नाहीये. डॉक्टर म्हणाले 'ठरवू नका', ते त्या तिसऱ्या पायरीवरच्या वाक्याबद्दल.

आणि ते वाक्य आलंच, तर? येणारच. इतक्या वर्षांची वाट आहे, मन त्याच वाटेने जाणार. तेव्हा त्या वाक्याकडेही डागासारखंच बघायचं. 'हं, "लक्षच नसतं" हे आलं.' पुढचा टॉवेल घ्यायचा. तुम्हाला स्वतःचा राग आला तोही याच जातीचा. 'एवढंसुद्धा जमत नाही' हा तुम्ही तुमच्यावर मारलेला शेरा. तोसुद्धा दिसला, एवढं पुरे आहे.

ही मधली पायरी, आठी पडते ती, तिच्याबद्दल थोडं सांगते. ही साधना मुळात बौद्ध परंपरेतली. पाली भाषेत या पायरीला 'वेदना' म्हणतात. आपण वेदना म्हणजे दुखणं समजतो, पण तिथे सुखाची जाणीव, दुःखाची जाणीव आणि धड सुखाची ना दुःखाची अशी जाणीव, या तिन्हींना वेदनाच म्हणतात. हवंसं वाटणं, नकोसं वाटणं, काहीच न वाटणं. हे वाटणं आपल्या हातात नसतं. पण ते वाटतंय हे कळलं, तर पुढचं वाक्य तोंडातून सुटायच्या आधी जराशी फट मिळते. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते दवाखान्यांमध्ये आलं 1979 पासून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी तिथे वर्ग सुरू केला. औषधांनी जेवढं होण्यासारखं होतं तेवढं होऊनही ज्यांचं दुखणं राहिलं होतं, अशी माणसं तिथे यायची. आठ आठवड्यांचा असा वर्ग अजून शिकवला जातो. त्यात सुरुवातीला एक बेदाणा हातावर देतात आणि तो पहिल्यांदाच बघतोय असा बघायला, हुंगायला, सावकाश चावायला सांगतात. आपण सोलापूरकर, आपल्याला बेदाणा कशाला हवा. चटणीसाठी शेंगदाणे भाजाल तेव्हा एक गरम दाणा बाजूला काढा. साल सुटताना बोटांना काय लागतं, दाताखाली दोन फाकी कशा होतात, खमंगपणा आधी नाकात जातो की जिभेवर येतो, एवढंच.

आणि हे काही परक्या गावचं नाही बरं का. अंतरपाट धरलेला असतो, दोघं माळा घेऊन उभी असतात आणि भटजी मोठ्याने काय म्हणतात? सावधान. स-अवधान. अवधान ठेवून, लक्ष देऊन. इतक्या लग्नांत आपण तो शब्द ऐकला आणि अक्षता टाकण्याची खूण समजून सोडून दिला.

आता भाकरी. तुमची चूक म्हणणार नाही, पण तुम्ही एकदम मोठा घास घेतलात. सगळ्या भाकऱ्या होईपर्यंत मन जागेवर ठेवणं कोणालाच जमत नाही. तुम्ही फक्त पहिली भाकरी घ्या. रोजची पहिली. बाकीच्या नेहमीसारख्या, डोक्यात काय चालायचं ते चालू दे.

पहिल्या भाकरीला काय करायचं? परातीत पीठ घेतलंत, आळं केलंत, आधणाचं पाणी ओतलंत. बोटांना चटका बसतो ना, तिथे लक्ष द्या. चटका नेमका कुठल्या बोटांना बसतो, किती वेळ राहतो. मळताना तळव्याखाली पीठ आधी रवाळ लागतं, मग एका क्षणी ते एकजीव होतं. तो क्षण कळतो का बघा. तुम्ही हजारो वेळा मळलंय, तळव्याला तो माहीत आहे, तुम्हाला कदाचित नसेल. मग थापणं. थापेचा आवाज भाकरी जाड असताना वेगळा असतो, पातळ होत गेली की वेगळा. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. ते पाणी कुठून सुकायला लागतं, कडेने की मधून? मी हे सांगत नाही, तुम्हीच उद्या बघा.

आणि कड चिरली, तर? तर 'कड चिरली'. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, किंवा पाणी निवलेलं असतं, त्याला कारण असतं. 'आज माझं काही खरं नाही' हे भाकरीत कुठे लिहिलेलं नाही.

मन जाईल. कारखान्यात जाईल, सासूबाईंकडे जाईल. गेलं हे कळलं की हाताच्या चटक्यावर परत यायचं. पुन्हा गेलं, पुन्हा यायचं. एका भाकरीत दहादा गेलं तर दहादा येणं झालं, आणि ते येणं हीच साधना आहे. इथे मला आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज आठवतात. संक्रांतीला तुम्हीही रस्त्यात उभ्या राहून बघितले असतील. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस तो उंचच्या उंच ध्वज कमरेशी पेलून चालतो. नीट बघितलंत तर लक्षात येतं, ध्वज सरळ असा कधीच नसतो. पावलागणिक कुठेतरी कलतो. डावीकडे कलला की तो माणूस अंग जरा तसं घेतो, मागे झुकला की पाऊल बदलतो. कलला म्हणून चिडत बसायला त्याला सवडच नसते, आणि कललंय हे ओळखलं नाही तर एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही. तुम्ही विचारलं होतंत ना, ठरवायचं नाही तर काम कसं चालणार? असं चालतं.

पाणी येतं त्या दिवशी मात्र यातलं काही करू नका. आपल्याकडे इतक्या दिवसांनी नळ येतो, वेळेचा भरवसा नाही, हंडे-घागरी-टाकी सगळं एका दमात भरायचं असतं. त्या दिवशी भराभर हात चालवायचे, दुसरं काही नाही. आणि बाकीच्या दिवशीही दात-ओठ खाऊन करू नका. हे मी तुम्हाला काय सांगावं, टॉवेल तुमच्या हाताखालून जातात. मागावर धागे गुंडाळलेले दोन बीम असतात, एकाचे धागे ताठ आणि दुसऱ्याचे ढिले. ढिल्या धाग्यांचे फासे होतात आणि पाणी तेच फासे टिपतात. दोन्ही बीम ताणले तर नुसतं कापड विणलं जाईल.

आता माझं सांगते, कारण मुलीबद्दल बोलायचं तर ते सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही.

मी 28 वर्षं शाळेत शिकवलं. माझ्या हातात तांबडा पेन होता, तुमच्या हातात टॉवेल. आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. तिला कडक भाकरी दाळीत चुरून लागायची, रोज, दुसरं काही नको. संधिवाताने तिचा अंगठा आत वळला होता. ताटाभोवती भाकरीचे कण पडायचे आणि मी रोज म्हणायचे, "आई, सांडलं बघ." रोज. दोन वर्षं.

एका रविवारी दुपारी लाइट गेली होती. मे महिना, पंखा बंद, वाचायला उजेड नाही. मी तिच्यासमोर नुसती बसले होते. तेव्हा बघितलं. अंगठा चालत नाही म्हणून ती तळहाताच्या कडेने भाकरी दाबायची. कट्, असा आवाज यायचा. मग तेच तुकडे हाताच्या कडेने ताटाच्या मधे ढकलायची. चार-पाच कण बाहेर जायचे. आणि मग ती मधलं बोट जिभेला लावून एकेक कण टिपायची आणि परत ताटात घ्यायची. एकही सोडायची नाही. मी दोन वर्षं 'सांडलं' बघत होते. ती टिपून घेते, हे मला त्या दुपारपर्यंत दिसलंच नव्हतं, कारण 'सांडलं' म्हटलं की माझं बघणं तिथेच थांबायचं. मी उठून ओटा आवरायला जायचे.

त्यानंतर ती पाच महिने होती. ते पाच महिने मी तिच्यासमोर बसून जेवले.

म्हणून तुम्हाला विचारते, ताई, रागावू नका. परवा मुलीचा भांग वाकडा होता, तेव्हा तिचे डोळे कसे होते? झोप झालेली दिसत होती का? दप्तराचा पट्टा ती कुठल्या खांद्यावर घेते? नववीतल्या पोरीच्या चेहऱ्यावर एका सकाळीत किती काय येऊन जातं. भांग दिसला आणि बघणं थांबलं, असं होत असेल का?

तिच्यासाठी एक करा. दिवसातून एकदा, ती जेवायला बसते तेव्हा, वाढून झाल्यावर दोन मिनिटं काही न सांगता तिच्याकडे बघा. रोखून नको, तिला अवघडेल. तुमचं ताट घेऊन बसा आणि बघा. सांगावंसं वाटणारं बरंच काही वर येईल: नीट बस, मोबाइल ठेव, भाजी घे. ते येतंय हे बघा आणि त्यातलं एक गिळा. सगळं गिळायला सांगत नाही, आई आहात, काही सांगावंच लागतं. मग जे सांगायचं तेही दिसलं तेवढंच सांगा. "वहीवर चहा सांडलाय" हे दिसलेलं. "तुझं कशातच लक्ष नसतं" हे ठरवलेलं. पहिलं ऐकून ती वही पुसेल. दुसरं ऐकून पोरगी दार लावून घेते, हे तुम्ही बघितलंयच.

आणि मला वाटतं तिच्याशी एकदा सरळ बोला. "तू म्हणालीस ते बरोबर होतं. माझी सवय आहे, मोडायला वेळ लागेल. मी परत चेकिंग करायला लागले की सांग." चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आईने असं म्हटलेलं फार लागतं, आणि चांगलं लागतं. तिने टोकलं की मात्र चिडायचं नाही, तेवढी तयारी ठेवा.

सासूबाई आणि ह्यांची चप्पल सध्या राहू दे. सगळीकडे एकदम हात घातला तर महिनाभरात कंटाळाल.

दोन गोष्टी स्पष्ट सांगते, कारण या विषयावर बोलणारे त्या बऱ्याचदा सांगत नाहीत. निवाडा न करता बघणं म्हणजे सहन करणं नव्हे. कोणी हात उगारत असेल, कामाचे पैसे कापत असेल, तर तिथे नीट बघा आणि नीट निवाडाही करा, आणि आवाज उठवा. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरात असेल.

दुसरी गोष्ट तब्येतीची. गोळ्या बंद करू नका. डोकेदुखी वाढली, वेगळ्या तऱ्हेची झाली तर डॉक्टरांना दाखवा, डोळे तपासून घ्या. दिवसभर डोळ्यांवर ताण देणारं तुमचं काम आहे. काही जणांना शांत बसून आत बघायला लागलं की जुनं काहीतरी उफाळून येतं, छाती धडधडते. तसं झालं तर तिथेच थांबा, डोळे उघडे ठेवा, पाय फरशीला टेकवा, फरशीचा गारवा घ्या, आणि पुढे एकटीने करू नका. झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

शेवटी तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे तुमचं लक्ष वेधते. मुलगी झोपली की तिचा एक हात पांघरुणाबाहेर राहतो, तो तुम्ही उचलून आत घेता, असं तुम्ही लिहिलंय. पत्र परत वाचून बघा. पेला, चप्पल, भांग, सगळ्यांवर शेरा आहे. त्या हातावर नाही. तो नीट का ठेवत नाही, असं तुम्ही म्हटलेलं नाही. तुम्हाला हात दिसला आणि तुम्ही तो आत घेतला. डॉक्टर जे म्हणाले ते तुम्ही रोज रात्री करताय.

आज रात्री तो हात आत घ्याल तेव्हा गरम आहे की गार, ते बघा. उद्या सकाळी पहिली भाकरी. पंधरा दिवसांनी मला पत्र लिहा, आणि त्यात जमलं की नाही जमलं ते लिहू नका. तव्यावरचं पाणी कडेने सुकतं की मधून, ते लिहा.